पांढरीतली कणगी आणि फोटोबाहेरचा रेडिओ

मागच्या अंकात माझी मुलाखत आली होती. पुरातत्त्वातली एक बाई चाळीस वर्षं आदिवासी पाड्यांवर काय करत होती, असा तिचा विषय. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा संपादकांनी माझ्याकडे पाठवला आणि "दोन पानांत आटपा" म्हणाले. दोन पानांत काही होत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. सारखेच प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रांतला मजकूर थोडा छाटलाय. नावांऐवजी गावं दिली आहेत, राग मानू नये.

प्रश्न : पुरातत्त्व म्हणजे जमिनीत गाडलेल्या गोष्टींचा अभ्यास. मग जिवंत माणसांच्या घरात जाऊन बसण्याचं कारण काय? आजच्या आदिवासींकडे बघून तीन हजार वर्षांपूर्वीचं कसं कळणार? मला हे जरा ओढूनताणून वाटतं. (निवृत्त अभियंता, नाशिक)

उत्तर : ओढूनताणून होऊ शकतं, आणि पुष्कळदा झालंही आहे. त्यावर पुढे येते. आधी एका गोल उंचवट्याची गोष्ट सांगते.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खणती केली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यामागची माणसं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव होतं ते. शंभरावर घरं उघडी झाली. शेवटच्या हंगामांत मी विद्यार्थिनी म्हणून तिथे होते आणि एका घराची जमीन थापीनं तासत होते. कोपऱ्यात चोपून-सारवून केलेला गोल उंचवटा लागला. बोटं दीड-दोन उंच, वर गुळगुळीत. वहीत मी लिहिलं : 'पूजास्थान?' विद्यार्थ्याला काही कळलं नाही की तो देवाचं नाव घेतो.

पाट्या उचलायला गावातल्या बायका यायच्या. त्यांतली एक थांबली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाई, कणगी ठिवायची जागा हाय ती. आमच्या घरी हाय की." कणगी म्हणजे धान्य साठवायची विणलेली मोठी टोपली. सरांना ते आधीपासून माहीत होतं, बाकीच्या घरांतही तसे उंचवटे निघालेले होते. माहीत नव्हतं ते फक्त मला. शेजारच्या चौकोनात चार चपटे दगड चौकटीत मांडलेले सापडले, तेव्हा मात्र मी गुमान त्या बाईंना विचारलं. चार पायांच्या रांजणाखाली ठेवायचे ते दगड. पायांना ओल लागत नाही, खालून झाडता येतं आणि उंदीर पोखरायला लागला तर दिसतो.

तिथून मला पाड्यांवर जायची खोड लागली. जव्हार तालुक्यातल्या एका वारली पाड्यावर मी १९८४ पासून जात होते. कारवीच्या कुडाचं घर, शेणामातीनं लिंपलेलं. आत नागली आणि भाताच्या कणग्या. मी आपली टेप घेऊन सगळं मोजायची : कणगीचा घेर, ती किती महिन्यांनी रिकामी होते, कोणत्या कणगीखाली दगड आणि कोणत्या कणगीखाली लाकडं. घरातल्या म्हातारीला हे भारीच गमतीचं वाटे. पुण्याहून एवढ्या लांब येऊन ही बाई आमची कणगी मोजते, हिच्याकडे स्वतःची नाही वाटतं, असं ती शेजारणीला सांगायची.

काही वर्षांनी ते कुटुंब पलीकडच्या उताराला नवं घर बांधून राहायला गेलं. आता माझं खरं काम सुरू झालं. सोडलेलं घर दर पावसाळ्यानंतर जाऊन बघायचं. पहिल्या वर्षी कौलं गेली, वासे गेले, खांब गेले. कुजून गेले नाहीत, उपटून नव्या घरात नेले. कूड पडला आणि त्याची माती दोन पावसांत जमिनीला मिळाली. चुलीचे दगड मात्र जागच्या जागी होते, कणगीचा गोल होता आणि खांबांचे खळगे. त्या खळग्यांपाशी मी उकिडवी बसले आणि पाड्यावरच्या एका बाईनं एक गोष्ट ध्यानात आणून दिली. खांब जागेवर कुजला तर खळग्याचा काठ शाबूत राहतो आणि आत काळी भुसभुशीत माती भरते. खांब हलवून-हलवून उपटला असेल तर काठ एका बाजूला फाटलेला असतो. हे कळल्यावर जुन्या उत्खननांचे आराखडे मी पुन्हा काढून बसले. 'घर सोडून लोक पळाले' असं जिथे लिहिलं होतं, तिथले काही लोक चक्क खांब काढून, सामान आवरून गेले होते.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : उंदीर तेव्हाही उंदीरच होता. ओल, आग, वजन, वाळवी यांचे नियम तीन हजार वर्षांत बदललेले नाहीत. मातीच्या घरात राहणाऱ्या, हातानं कणगी विणणाऱ्या माणसाला त्या नियमांची जी जाण असते ती मला सिमेंटच्या घरात नाही. म्हणून मी त्याच्याकडे जाते. तो 'प्राचीन' आहे म्हणून नव्हे. श्रद्धा, देव, नाती यांच्याबद्दल मात्र आजच्यावरून कालचं सांगायला मी फार कचरते. तुमचा 'ओढूनताणून' हा शब्द तिथे चपखल बसतो.

या पद्धतीला आपल्याकडे बरीच परंपरा आहे. उदयपूरजवळच्या आहाडच्या उत्खननानंतर मालती नागर मेवाडच्या खेड्यांतून घरं, चुली, मडकी बघत हिंडल्या. त्याआधी १९४०च्या दशकात गुजरातेत लांघणजच्या खणतीला सांकलियांच्या बरोबर इरावतीबाई कर्वे होत्या. एक मातीचे जाणकार, एक माणसांच्या. तेव्हा हे दोन विषय एकमेकांच्या घरी सहज जात-येत.

प्रश्न : इनामगावात मृतांचे पाय घोट्यापासून तोडून पुरत, असं वाचलं. अंगावर काटा आला. हे कुठल्या आदिवासी प्रथेशी जुळतं? (वाचक, बारामती)

उत्तर : इनामगावात अडीचशेहून जास्त दफनं मिळाली. लहान मुलांना दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून, घराच्या जमिनीखालीच पुरलेलं. मोठ्यांना खड्ड्यात आडवं निजवून, पाय घोट्याखाली तोडलेले. का? मेलेल्यानं चालत निघून जाऊ नये म्हणून, असा अंदाज पुस्तकांतून दिलेला असतो. तो अंदाजच आहे. ज्या जमातींमध्ये मी राहिले त्यांच्यापैकी कुणी असं करत नाही, आणि 'कुठेतरी करत असतील' म्हणून शोधत जाणं मला पटत नाही.

एक अपवाद मात्र मनातून जात नाही. पाच खोल्यांचं एक मोठं घर निघालं. लागूनच धान्यकोठार, म्हणून ते गावच्या प्रमुखाचं मानतात. त्याच्या अंगणात चार पायांच्या, न भाजलेल्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवलेला एक पुरुष होता. त्याचे पाय शाबूत. मानाच्या माणसाला चालायची मुभा होती की काय, कोण जाणे.

आणि काटा आला म्हणता, तर एक सांगा : तान्हं मूल गेलं तर तुमच्याकडे दहन करतात का? बहुतेक घरांत नाही, पुरतात. मुलांच्या बाबतीत वेगळं वागण्याची रीत शोधायला जंगलात जायची गरज नाही, बारामतीत पुरेल.

प्रश्न : आमच्या शाळेत वारली चित्रकलेचा तास असतो. पुस्तिकेत छापलंय की ही कला दहा हजार वर्षं जुनी असून भीमबेटकाच्या गुहाचित्रांची थेट वारस आहे. मुलं विचारतात, पुरावा काय? (कलाशिक्षिका, ठाणे)

उत्तर : मुलं हुशार आहेत. पुरावा नाही.

साम्य कशात सांगतात? दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेलं माणसाचं धड. तसं भीमबेटकातही दिसतं, ताम्रपाषाणयुगीन मडक्यांवरही दिसतं. पण बारीक काडीनं चटकन माणूस काढायचा तर हा आकार कुणालाही सुचावा असा आहे. कुडाची भिंत दरवर्षी सारवतात. लग्नाचा चौक काढला, लग्न झालं, पुढच्या सारवणात तो गेला. म्हणजे जुनं चित्र टिकायची सोयच नाही. दहा हजार सोडा, शंभर वर्षांपूर्वीची भिंत आणून दाखवा म्हटलं तरी पंचाईत.

त्याऐवजी मुलांना हे सांगा. चौक सवाशिणी काढतात, तांदळाच्या पिठानं, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्यानं. मध्ये पालघट देवी. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. १९७०च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी हे चित्र भिंतीवरून कागदावर आणलं, रोजच्या रोज काढू लागले, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बायकांच्या विधीतली कला एका पुरुषानं कागदावर नेली आणि तिच्यात आगगाडी आली, सायकल आली. पन्नास वर्षांत घडलेला हा बदल आपल्या डोळ्यांदेखतचा आहे. हा इतिहास सोडून पुस्तिकावाल्यांना दहा हजार वर्षं कशाला हवीत?

प्रश्न : सिंधू संस्कृतीचे लोक म्हणजेच आजचे आदिवासी का? राखीगढीच्या डीएनएवरून हे सिद्ध झालं असं एकजण सांगतो, तर दुसरा नेमकं उलटं सांगतो. (महाविद्यालयीन विद्यार्थी, औसा)

उत्तर : दोघेही एकाच बाईच्या कानातल्या हाडावरून भांडताहेत.

हरियाणातल्या राखीगढीच्या दफनभूमीतून आणि परिसरातून साठेक सांगाड्यांचे नमुने तपासले. उष्ण हवेत डीएनए टिकत नाही, त्यामुळे वाचता येण्याजोगा मजकूर निघाला तो एकीचा. वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांचा तो निबंध २०१९ साली आला. त्या बाईत दोन धागे मिसळलेले होते : एक इराणच्या बाजूच्या प्राचीन लोकांशी दूरचं नातं सांगणारा, दुसरा दक्षिण आशियातल्या जुन्या शिकारी-संग्राहकांचा. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातला तिसरा धागा तिच्यात नव्हता. पहिले दोन धागे आज भारतातल्या बहुतेक माणसांत कमी-जास्त आहेत. तुमच्यात, माझ्यात आणि सातपुड्यातल्या भिल्लातही. एवढंच त्या हाडाचं म्हणणं. त्यावर ना कुणाची जात लिहिली होती ना जमात.

शिवाय 'आदिवासी' हा शब्दच विसाव्या शतकातला. रांचीला १९३८ साली आदिवासी महासभा झाली, तिथून तो राजकारणात ठसला. संविधानात आहे ती 'अनुसूचित जमाती'. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला हा शब्द लावायचा म्हणजे त्याच्या हातात आपलं प्रमाणपत्र द्यायचं.

मला यापेक्षा वेगळा प्रश्न खुणावतो. हडप्पा, मोहेंजोदडो, लोथल ही शहरं भरभराटीत होती तेव्हा आजूबाजूच्या रानात कोण होतं? उत्तर गुजरातेत लांघणजला गारगोटीची चिमुकली हत्यारं वापरणारे लोक होते. शिकार करणारे, वाळूच्या टेकडीवर राहणारे. तिथे गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं, ऐरणीसारखं वापरून खळगे पडलेलं. त्याच टेकडीत वरच्या थरात तांब्याचा सुराही सापडला. भीलवाडा जिल्ह्यात बागोरला, वि. ना. मिश्रांच्या उत्खननात, अशाच लोकांकडे तांब्याचे बाणाग्र मिळाले. तांबं काही त्यांनी गाळलेलं नाही, कुठून तरी घेतलं. बदल्यात काय दिलं असेल? कातडी, मध, लाख, रानातली वाट दाखवणं. यातलं काहीच जमिनीत टिकत नाही. म्हणून आपल्या पुस्तकांत शहर पानभर आणि रान तळटीपेत. पण शहर आणि रान एकमेकांना अनोळखी कधीच नव्हते. 'जगापासून तुटलेली जमात' ही कल्पना मला खणतीत तरी कुठे भेटली नाही.

प्रश्न : खंभातचे कारागीर हडप्पाकाळापासून जसेच्या तसे अकीकाचे मणी बनवतात, हे खरं ना? (दागिन्यांच्या व्यवसायातील वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बरंचसं खरं, पण 'जसेच्या तसे' नाही.

मी बघितलेलं सांगते. जमिनीत तिरकी रोवलेली टोकदार लोखंडी सळई. कारागीर दगडाची कड तिच्या टोकाला टेकवतो आणि वरून शिंगाची मोगरी हलकेच मारतो. ठोका वरून पडतो, कपची मात्र सळईच्या बाजूनं उडते. हात इतका सरावलेला की गप्पा मारता मारता ओबडधोबड दगडाचा मणी होतो. त्याआधी दगड उन्हात वाळवून मडक्यात मंद आचेवर रात्रभर तापवलेला असतो. त्यातलं लोह आचेनं लाल होतं, आणि मातकट दगडाला तो कार्नेलियनचा, म्हणजे लाल अकीकाचा, रंग चढतो. तापवण्याची ही रीत हडप्पाकाळातही होती.

आता सळई लोखंडाची, आणि हडप्पाकडे लोखंड नव्हतं. भोक पाडायला आज हिऱ्याची कणी लावलेलं सामतं असतं. त्यांच्याकडे एका विशिष्ट कठीण दगडाची सामती होती, आणि लांब मण्याला भोक पाडायला दिवसचे दिवस जात. केनॉयर, विदाले आणि भान या अभ्यासकांनी खंभातच्या कारागिरांबरोबर बसूनच हे शोधून काढलं. दगड येतो नर्मदेकाठच्या रतनपूरच्या खाणींतून. खाणीत उतरणारे मुख्यतः भिल्ल. तिथल्या टेकडीवर बावा घोर या आफ्रिकेतून आलेल्या पिराचा दर्गा, त्याचे मुजावर सिद्दी. अकीकाचा धंदा त्यांनीच भरभराटीला आणला अशी समजूत. मणी जायचे ते पुन्हा आफ्रिकेला आणि अरबस्तानात. एका मण्यामागे एवढी माणसं, एवढी ये-जा. याला 'न बदललेलं' म्हणवत नाही मला.

प्रश्न : दायमाबादच्या कांस्य-शिल्पांबद्दल थोडं लिहाल का? मूळ गाव त्याच भागातलं. लहानपणी 'सोन्याचा रथ सापडला' एवढंच ऐकलं होतं. (गृहिणी, संगमनेर)

उत्तर : सोन्याचा नाही हो, तांब्याचा. पण सोन्याहून पिवळा.

प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, १९७४ साली मुळं खणता खणता एका भिल्ल गावकऱ्याच्या कुदळीला धातू लागला. चार वस्तू निघाल्या : हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांचा रथ. मिळून साठ किलोच्या वर वजन, सगळं भरीव ओतीव. रथ ४५ सेंटिमीटर लांब. त्यात माणूस उभा आहे, आणि दांडीवर एक कुत्रा उभा आहे. त्या कुत्र्यानं मला पहिल्या भेटीतच जिंकलं. तो तिथे असायचं काही कारण नाही. ज्यानं ओतला त्याच्या दारात तो असणार.

काळाबद्दल वाद आहे. ढवळीकरांसह अनेकजण त्यांना उत्तर-हडप्पा काळातले मानतात, म्हणजे चार हजार वर्षांच्या आसपास. धातूचा अभ्यास करणाऱ्या अग्रवालांनी शंका काढली, की या तांब्यात अर्सेनिक आहे तेवढं त्या काळच्या तांब्यात नसतं. साळींनी १९७५ ते १९७९ तिथे खणती केली. गावाचा इतिहास थरांनी उलगडला, पण हा ठेवा त्यांच्या चरात नव्हे, कुदळीखाली आधीच बाहेर आलेला. थरातून उपटलेली वस्तू म्हणजे पत्ता नसलेलं पत्र.

वादावर पानंच्या पानं आहेत. ज्याच्या कुदळीला तो लागला त्याच्या वाट्याला एक ओळ. त्याच्या घरात मुलांना ही गोष्ट कशी सांगतात, हे विचारायला आमच्यापैकी फारसं कुणी गेलं नाही. मीही नाही. जायला हवं होतं.

प्रश्न : मी स्वतः वारली आहे. जव्हारकडचा. पदव्युत्तर शिक्षण घेतोय. तुमची मुलाखत आवडली, पण राग पण आला. तुम्ही लोक येता, घरं मोजता, म्हातारीकोतारीचे फोटो काढता, पुस्तकं लिहिता. त्यात आम्ही नेहमी 'आदिम'. आम्हाला यातून काय मिळालं? (विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तुमचं पत्र गठ्ठ्यात सर्वांत वर होतं. मी ते तीनदा खाली सरकवलं आणि शेवटी आज घेतलं.

वर ज्या कणगीबद्दल एवढ्या कौतुकानं लिहिलं, तिचा मी फोटो काढला होता. १९८६ची गोष्ट. कणगी, चूल, पाटा आणि बाजूला ती म्हातारी. कॅमेऱ्यातून बघितलं तर कणगीवर ट्रान्झिस्टर ठेवलेला. चुलीजवळ अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं. खुंटीला शाळेचं दप्तर. मी म्हटलं, "आजी, हे जरा बाजूला ठेवू का?" ती म्हणाली, "ठेव." मी रेडिओ उचलून बाहेर ओट्यावर ठेवला, पातेलं आणि दप्तरही हलवलं, आणि फोटो काढला. अगदी 'स्वच्छ' आला. रेडिओ ओट्यावर वाजतच होता, हेही आठवतं.

तो फोटो पुढे एका संग्रहालयानं मोठा करून लावला. खाली पाटी : 'प्राचीन जीवनाचे जिवंत अवशेष'. पाटी माझी नव्हती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण रेडिओ मीच हलवला होता. रेडिओ तिथे असता तर ती पाटी लावायला कुणाला धजलं नसतं.

म्हातारीची नात शाळेच्या सहलीला तिथे गेली. पुढे बारा-पंधरा वर्षांनी पाड्यावर भेटली तेव्हा तिनं मला आरोप वगैरे काही केला नाही. फक्त विचारलं, "ताई, माझं दप्तर होतं ना तिथं? मी शोधलं फोटोत." मला उत्तर देता आलं नाही.

तुम्ही विचारता, काय मिळालं. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, निवृत्तिवेतन मिळतं. म्हातारीला त्या दिवशी पाव किलो चहापत्ती आणि साखर मिळाली. यात बरोबरी कुठेच नाही आणि ती आहे असं मी भासवणार नाही. नंतर मी काही गोष्टी बदलल्या. जिनं खळग्यांच्या काठाचं मला हातात धरून दाखवलं तिचं नाव तिच्या परवानगीनं निबंधात घातलं, आभारात नव्हे, मजकुरात. पाड्यावरच्या नोंदी मराठीत उतरवून तिथल्या शाळेत ठेवल्या. पहिल्या पावसात निम्म्या भिजल्या, तेही सांगते. संग्रहालयाला पाटी बदलण्याबद्दल तीन पत्रं लिहिली. फोटो काढून टाकला गेला, पाटी बदलली नाही. म्हणजे माझं म्हणणं त्यांना उलटंच कळलं.

'आदिम' या शब्दाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. एक तपशील तुमच्या हाताशी ठेवते, वादात उपयोगी पडेल. तुमच्या आजीच्या चुलीवर शिजणारी नागली मूळची आफ्रिकेची. तिच्याबरोबरची मिरची अमेरिकेची, चारएकशे वर्षांपूर्वी आलेली. म्हणजे ज्या ताटाला आम्ही 'आदिम आहार' म्हणून मथळा दिला, त्यात दोन खंड होते. बदल नाकारून बसलेलं कुणी तिथे नव्हतंच, आम्हीच रेडिओ हलवत होतो.

तुमच्या पाड्यावरच्या सात घरांचे आराखडे, दीडशेच्या आसपास निगेटिव्ह आणि आठ वह्या माझ्याकडे आहेत. त्या कुणाच्या हाती द्याव्यात हा विचार चालूच होता. संपादकांकडे माझा नंबर आहे. पुण्यातच असाल तर एखाद्या रविवारी या. तुम्हाला त्यात चुका सापडतील. बायकांची नावं मी दोन ठिकाणी उलटसुलट लिहिलेली आहेत, एवढं मला आत्ताच माहीत आहे.

प्रश्न : शेततळं खोदताना जेसीबीला एक मडकं लागलं. लाल रंग, वर काळ्या रेषा, एका बाजूला तोटी. टिचकी मारली तर खणखणतं. आत माती गच्च आहे. सोबत फोटो जोडलाय. गावात कुणी म्हणतं गुप्तधन, कुणी म्हणतं फेकून द्या. आईचं म्हणणं, घासून-धुऊन त्यात तुळस लावू. काय करू? (शेतकरी, गोदाकाठ)

उत्तर : फोटो अंधुक आहे, पण तोटी, काळ्या रेषा आणि खणखणीत आवाज हे तिन्ही एकत्र म्हटल्यावर माझे कान टवकारले. जोर्वे पद्धतीची भांडी अशीच असतात. नाव संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून पडलं, १९५०-५१ साली तिथे खणती झाली होती. तसं असेल तर मडकं तीन हजार वर्षांचं. पण पत्रावरून निदान करणारी वैदू मी नव्हे.

गुप्तधन नाही, हे निक्षून. तरी जमिनीत जुनी वस्तू सापडली की कळवायचा कायदा १८७८ पासून आहे. तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि राज्य पुरातत्त्व विभागाला एक प्रत पाठवा. शेत जप्त होईल अशी भीती लोक घालतात. एका मडक्यासाठी तसं होत नाही.

जेसीबी त्या कोपऱ्यात तूर्त नेऊ नका. गट नंबर, विहिरीपासूनचं अंतर आणि किती हात खोल सापडलं हे आजच लिहून ठेवा, आठ दिवसांनी आठवत नाही. खड्ड्याच्या कडेला राखेचा थर, खापरं किंवा हाडं दिसतात का ते नुसतं बघा, उकरू नका. तुमच्या शेतावर मजुरीला येणाऱ्यांपैकी कुणी मेंढरं राखत असेल किंवा मासे धरत असेल तर त्याला विचारा, अशी खापरं आणखी कुठे दिसतात. त्यांचे पाय त्या काठानं आपल्यापेक्षा जास्त फिरलेले असतात.

आणि आतली माती काढू नका. जळकं धान्य, बोराची बी, माशाचा काटा, जे काही कळायचं ते त्या मातीतूनच कळणार आहे. मडकं आहे तसं गोणपाटात गुंडाळून सावलीला ठेवा. आईंना माझा नमस्कार सांगा आणि तुळस दुसऱ्या कुंडीत लावायला सांगा.